परमिशन स्लिपवर सही करण्यापूर्वी



मागच्या वसंतात आमची चौदा वर्षांची लेक फोर-एच क्लबमधून एक कागद घेऊन आली. फोर-एच म्हणजे काय ते नवीन आलेल्या कुटुंबांसाठी सांगते. राज्याच्या विद्यापीठाचे एक्स्टेन्शन खाते मुलांसाठी हे कार्यक्रम चालवते. गाईबकऱ्या पाळणे, शिवणकाम, रोबॉट बनवणे असे पुष्कळ प्रकार त्यात असतात, आणि नेमबाजीही असते. आमच्या लेकीने नेमबाजीत ठासणीची बंदूक निवडली आहे. आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचली तीच, नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची. कागदावर लिहिले होते, "येत्या शनिवारी मुले स्वतः शिशाच्या गोळ्या ओततील. पालकांची सही हवी."

आमचे हे म्हणाले, "बंदूक काय कमी होती, म्हणून आता उकळतं शिसं?" सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, जाऊन बघून ये की! न बघता नाही म्हणू नकोस आणि न बघता हो पण म्हणू नकोस." मी गेले. तिथे जे पाहिले आणि नंतर माझी जी चूक झाली, दोन्ही लिहिते आहे.

पहिला तासभर विस्तव पेटवलाच नाही. शिकवणारे गृहस्थ साठीचे. त्यांनी थंड साचा एकेकाच्या हातात दिला आणि रिकाम्या पळीने सगळी कृती तीनतीनदा करून घेतली. साचा मिटायचा, पळी टेकवायची, थांबायचे, वरची पट्टी लाकडी दांडक्याने ठोकून सरकवायची, साचा उघडायचा, गोळी घडी घातलेल्या कोरड्या टॉवेलवर पाडायची. ज्याला हे न चुकता जमले त्यालाच पुढे भट्टीपाशी जायला मिळाले. दोन मुलांना त्या दिवशी मिळाले नाही. त्यांना गार झालेल्या गोळ्या तोलायचे आणि निवडायचे काम दिले.

भट्टी विजेवरची, अंगणात, भक्कम बाकावर, वारा पाठीमागून येईल अशी मांडलेली. भोवती जमिनीवर दोरीचे रिंगण. रिंगणात एका वेळी एकच मूल आणि शिक्षक. अंगात लांब बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट (नायलॉन वितळून कातडीला चिकटते), बंद चामडी बूट, पँट बुटाच्या वरून सोडलेली, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि तोंडावर पारदर्शक ढाल.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे सुमारे ६२१ फॅरनहाइटला वितळते. ओतताना ते ७०० ते ८०० फॅरनहाइट ठेवतात. लोखंड तापले की लाल होते, तसे हे होत नाही. चांदीसारखे चकचकीतच दिसते, आणि घट्ट झालेली गोळीही थंड आहे की गरम हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून "टॉवेलवरची प्रत्येक गोळी गरमच समजायची" हा तिथला नियम.

पण त्यांचा सगळ्यात मोठा धाक होता पाण्याचा. रिंगणाजवळ सोडाचा कॅनसुद्धा चालत नव्हता. मला आश्चर्य वाटले, कारण लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेले भांडे सरळ पाण्यात बुडवायचा आणि नुसते चर्र व्हायचे. मी तसे विचारले. ते म्हणाले, गरम वस्तू पाण्यात घातली तर वाफेला वर जायला वाट असते. पण ओली पळी किंवा दमट शिशाचा तुकडा वितळलेल्या शिशाखाली गेला, तर त्या थेंबाची क्षणात सुमारे सोळाशेपट वाफ होते आणि ती डोक्यावरचे सगळे शिसे उडवूनच बाहेर पडते. म्हणून नवा तुकडा आधी भट्टीच्या काठावर तापवून मगच आत, आणि पावसाचे दोन थेंब पडले की काम बंद.

शिसेही कुठलेही चालत नाही. या बंदुकीला मऊ, शुद्ध शिसे लागते. गाडीच्या चाकाच्या वजनांमध्ये अँटिमनी असल्याने ती कडक पडतात. जुन्या बॅटरीतले शिसे तर हातातसुद्धा घ्यायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतात. पन्नास कॅलिबरच्या नळीला ०.४९० इंचाची गोळी लागते, आणि एका पौंडात अशा सुमारे ३९ होतात. आमच्या लेकीच्या पहिल्या सात गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. साचा पुरेसा तापला नव्हता. तिने त्या निमूटपणे परत वितळायला टाकल्या. आठवी गुळगुळीत निघाली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता माझी चूक. मला वाटत होते, भीती फक्त भाजण्याची आणि धुराची. खरे म्हणजे या उष्णतेला शिशाची वाफ थोडीच होते. वर साय धरावी तशी करडी मळी येते, तिची पूड जास्त वाईट. ती हाताला, बाह्यांना, बुटांना लागते आणि तिथून तोंडात जाते. शिक्षकांनी मळी हलकेच काढून झाकणाच्या डब्यात ठेवली आणि खाण्याच्या वस्तू उघडण्याआधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. सॅनिटायझरने शिसे जात नाही, हेही सांगितले. पण बूट आणि कपडे बदलून गाडीत बसावे, ही सूचना कागदाच्या मागच्या बाजूला होती आणि मी मागची बाजू वाचलीच नव्हती.

घरी आल्यावर अर्ध्या तासाने पाहते तो आमचा तीन वर्षांचा धाकटा दारातच बसून ताईचे बूट पायात चढवत होता. एक हात बुटात, दुसऱ्या हाताची बोटे तोंडात. मी लगेच त्याचे हात धुतले आणि सोमवारी डॉक्टरांना फोन केला. लहान मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाहीत. सीडीसीने २०२१ पासून एक डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम हा लक्ष देण्याचा आकडा ठरवला आहे. त्याची तपासणी केली. आकडा त्याच्या खाली आला, पण रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मला विसरता येत नाहीत.

लेक अजून जाते आणि गोळ्याही ओतते. आता गाडीच्या डिकीत तिचे वेगळे बूट आणि कपड्यांची पिशवी असते. ते कपडे वेगळे धुते, आल्याआल्या तिला आंघोळीला पाठवते.

तुमच्या मुलांनी असा कागद आणला तर सही करण्यापूर्वी एवढे विचारा: काम उघड्यावर होणार का? भट्टीपाशी एका वेळी किती मुले? आधी थंड साच्यावर सराव आहे का? शिसे कुठून आणले? हात धुवायला साबणपाणी आणि कपडे बदलायला जागा आहे का? भाजलेच तर गार पाणी जवळ, पण भट्टीपासून लांब ठेवले आहे का? (भाजल्या जागी वीस मिनिटे गार पाणी, चिकटलेले शिसे ओढून काढायचे नाही.) नीट उत्तरे मिळाली नाहीत तर नाही म्हणा. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर त्यांना बरोबर नेऊ नका. आणि हे काम हौसेने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर किंवा घरातल्या पातेल्यात कधीही करू देऊ नका.

सासूबाई आता परत गेल्या आहेत. त्यांना लेकीने एक गोळी पाठवायची म्हटले होते. मी फोटो पाठवला.