चेंडू, बॅट आणि बीडची माती

घरांत दहाबारा वर्षांचा मुलगा असला म्हणजे क्रिकेटचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. सकाळीं शाळा, दिवेलागणीस शुभं करोति, आणि मधला सारा वेळ चेंडूचा, असा कित्येक मुलांचा नित्यक्रमच झालेला आहे. अशा वेळीं वडील माणसांच्या मनांत दोन प्रश्न येतात. या नादापायीं खर्च किती करावा, आणि त्यांतून अखेर निष्पन्न काय व्हावयाचें? या प्रश्नांचा विचार मुंबईपुण्याच्या उदाहरणांवरून करण्याची आपणांस संवय आहे. परंतु आमच्या बीड जिल्ह्यांतच त्यांचें एक उत्तर मिळालें असून, तें जितकें अभिमानास्पद तितकेंच विचार करावयास लावणारें आहे.

चेंडूचा खेळ आपणांस नवा नाहीं. कालिदासानें कुमारसंभवांत पार्वतीच्या बालपणाचें वर्णन करितांना ती मंदाकिनीच्या वाळूंत कंदुक घेऊन खेळत असल्याचें सांगितलें आहे. क्रिकेट मात्र इंग्लंडांतून आलें. त्याचे लिखित नियम प्रथम १७४४ सालीं झाले, आणि दोन्हीं बाजूंच्या यष्टींमध्यें तेव्हां ठरलेलें बावीस यार्डांचें अंतर आजहि तेंच आहे. त्या काळीं चेंडू जमिनीवरून सरपटत टाकीत, म्हणून बॅटहि टोंकाशीं हॉकीच्या काठीसारखी वांकडी असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चेंडूस टप्पा देण्याची रीत पडली आणि बॅट सरळ झाली. १७७१ सालीं एका खेळाडूनें यष्टींच्या रुंदीएवढी बॅट मैदानांत आणली. तेव्हां बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी असा निर्बंध घालण्यांत आला व तो अद्याप कायम आहे. आपल्या लोकांत हा खेळ प्रथम पारशी मंडळींनीं उचलला. मुंबईस त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालीं निघाला.

या इतिहासांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चेंडूस टप्पा मिळूं लागला त्या दिवसापासून जमीन ही या खेळाची निव्वळ बैठक न राहतां त्याचें एक साधनच बनली. मुलें बॅट मागतात, पॅड मागतात. परंतु माती कोणी मागत नाहीं. खरी अडचण तेथेंच आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम दुकानांतील साधनांविषयीं थोडेंसें सांगतों. बॅट विलो नांवाच्या हलक्या पण चिवट लांकडाची असून तिची मूठ वेताची असते. इंग्रजी विलो महाग. काश्मिरी विलो स्वस्त व कांहींसा जड, पण शिकाऊ मुलास पुरेसा. नव्या बॅटीस तेल देऊन लांकडी मोगरीनें हळूहळू ठोकतात, म्हणजे तिचा पृष्ठभाग घट्ट होतो. हें तेल कशाचें? ज्या जवसाची चटणी मराठवाड्यांत घरोघरीं होते, त्याच जवसाचें! चेंडूच्या पोटांत बूच, त्यावर सुताचे वेढे आणि वर चामड्याचें शिवलेलें आवरण असतें. त्याचें वजन सुमारें १५६ ते १६३ ग्रॅम भरतें. हा माल मुख्यत्वें मीरत व जालंदर येथें तयार होतो. फाळणीपूर्वीं सियालकोट येथें असलेले पुष्कळ कारागीर १९४७ नंतर तिकडे येऊन स्थायिक झाले. पालकांस सूचना एवढीच, कीं मुलगा वाढेल म्हणून सदरा जसा ढगळ शिवतात, तशी बॅट मोठी घेऊं नये. जड बॅटीनें लहान मुलाचा हात कायमचा बिघडतो. आणि चामड्याच्या चेंडूनें खेळावयाचें असेल, तर बॅटीच्या आधीं शिरस्त्राण घ्यावें.

आतां मातीकडे वळूं. काळी चिकणमाती पाण्यानें फुगते व वाळतांना आकसते. तिच्यावर पाणी मारून, ती वाळत असतां रूळ फिरविला, म्हणजे तिचे कण घट्ट बसून चेंडू एकसारखा उसळतो. पाणी तुटलें कीं भेगा पडतात; मग एक चेंडू पायाशीं सरपटतो तर दुसरा कपाळाशीं येतो. म्हणजे चांगल्या खेळपट्टीस पाणी अवश्य, आणि आमचा बीड जिल्हा तर पर्जन्यछायेंतील. येथील सरासरी पाऊस सातशें मिलिमीटरच्या आंतच. हजारों कुटुंबें दरवर्षीं ऊस तोडण्यासाठीं गांव सोडून जातात.

अशा या गांवीं २००५ सालीं सचिन धस याचा जन्म झाला. वडील आरोग्य खात्यांत, आई पोलिस खात्यांत. सचिन तेंडुलकर यांच्यावरून नांव ठेवलेल्या या मुलाच्या हातीं पांचव्या वर्षाच्या आंतच बॅट आली. शेख अझर या शिक्षकांनीं त्याला अर्ध्या लांबीच्या खेळपट्टीवर तयार केलें, कारण पूर्ण लांबीची मिळणें कठीण. वडिलांनीं वृत्तपत्रांस सांगितलेली हकीकत अशी, कीं त्यांनीं कर्ज काढून खेळपट्ट्या करविल्या, आणि त्या ओल्या ठेवण्यासाठीं दर दोनतीन दिवसांनीं पाण्याचा टँकर आणावा लागे. ता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील बेनोनी येथें, एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत, भारताचे ३२ धावांत चार गडी बाद झाले होते व जिंकण्यास २४५ धावा हव्या होत्या. सचिननें कर्णधार उदय सहारन याच्यासह १७१ धावांची भागी करून स्वतः ९६ धावा काढल्या, आणि भारत दोन गडी राखून विजयी झाला. अंतिम सामना ऑस्ट्रेलियानें जिंकला, तरी बीडचें नांव सर्वतोमुखीं झालें. तत्पूर्वीं बीडमध्येंच जन्मलेले संजय बांगर यांनीं २००२ सालीं लीड्स येथें सलामीस येऊन ६८ धावांची चिवट खेळी केली होती. ती कसोटी भारतानें डावानें जिंकली.

येथें विचारी वाचक सहजच विचारील, कीं जेथें बायाबापड्या घागर घेऊन टँकरची वाट पाहतात, तेथें खेळासाठीं टँकर आणावा काय? प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. माझ्या मतें तो आदेश योग्य होता. धंद्याचे सामने दुसरीकडे हलवितां येतात; मुलाचें बालपण हलवितां येत नाहीं. तथापि मुलाच्या खेळपट्टीसहि पिण्याचें पाणी घालूं नये. धुण्याचें, आंघोळीचें वापरलेलें पाणी राखून ठेवलें, तर मोहल्ल्यांतील एक लहानशी पट्टी त्यावर ओली राहूं शकेल. त्यास पैसा थोडा लागतो, शिस्त मात्र फार लागते.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. क्रिकेटनें विद्या बुडते असें म्हणणारांनीं प्रा. दि. ब. देवधर यांचें चरित्र आठवावें. १८९२ सालीं पुण्यास जन्मलेले देवधर स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा दोन वेळां रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या हंगामांत, वयाचीं बावन्न वर्षें झाल्यावर, त्यांनीं एकाच सामन्याच्या दोन्हीं डावांत शतकें काढलीं. ते १९९३ सालीं निवर्तले, तेव्हां त्यांनीं वयाची शंभरी ओलांडली होती.

तरी प्रत्येक बापानें कर्ज काढावें असा याचा अर्थ कोणीं करूं नये. हजारों मुलें खेळतात, त्यांतून एखादाच बेनोनीपर्यंत पोंचतो. बाकीच्यांस निरोगी शरीर, सोबत्यांसाठीं झिजण्याची संवय आणि पराभव गिळण्याची ताकद मिळाली, तरी तो लाभ लहान नव्हे. म्हणून पालकांनीं बॅटीचा हट्ट धरणाऱ्या मुलास प्रथम महिनाभर खेळपट्टीचें काम द्यावें. घरांतलें वापरलेलें पाणी बादलीनें वाहून न्यावें, खडे वेंचावे, भेगा बुजवाव्या, रूळ ओढावा. चारदोन दिवसांत कंटाळला, तर हौस वरवरची होती असें समजावें. महिन्याच्या अखेरीसहि त्याच्या हातांत बादली दिसली, तर त्या मुलास बॅट अवश्य घेऊन द्यावी, आणि ती त्याच्या उंचीला बेताची असावी.