दुकानाने घडवलेला घरगुती संगणक

१९७७ ते १९८४ या काळात अमेरिकेत घरी संगणक घ्यायला निघालेल्या कुटुंबाला आधी दुकान निवडावं लागे. टीआरएस-८० हवा तर रेडिओ शॅकमध्येच जायचं, कारण तो रेडिओ शॅकच्या मालकांचाच माल होता. ॲपल टू हवा तर खास संगणकांच्या दुकानाची पायरी चढायची. कमोडोर पुढे पुढे कपडे, खेळणी, सायकली विकणाऱ्या भल्याथोरल्या दुकानांत मिळू लागला. संगणकाच्या इतिहासात प्रतिभावंत अभियंते, त्यांची गॅरेजेस आणि त्यांच्या चिप्स यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. दुकानांबद्दल फार थोडं. कोणतं यंत्र कुणाच्या घरात पोचलं, त्यावर कोणती कामं झाली आणि ते किती वर्षं टिकलं, यात दुकानाचा वाटा चिपच्या तोडीचा होता, असं माझं मत आहे.

सुरुवात सुट्या भागांपासून झाली. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली मिट्स ही कंपनी ३९७ डॉलरला त्याचं किट टपालाने पाठवायची. सोल्डरिंगचे सगळे डाग स्वतः द्यायचे, आणि एवढं केल्यावर हाती येणाऱ्या यंत्राला पडदा नाही, कीबोर्ड नाही. पुढच्या बाजूला खटके आणि दिवे. ज्यांना हे जमेना त्यांना हाताशी कुणीतरी जाणकार हवा होता. त्या गरजेतून १९७५च्या उन्हाळ्यात डिक हायझर यांनी लॉस एंजेलिसमध्ये संगणकांचं दुकान काढलं आणि डिसेंबरात पॉल टेरेल यांनी माउंटन व्ह्यूमध्ये बाइट शॉप उघडलं.

याच टेरेल यांच्याकडे १९७६मध्ये स्टीव्ह जॉब्झ आपला सर्किट बोर्ड घेऊन गेले. जॉब्झ आणि त्यांचे जोडीदार वॉझनियाक यांचा बेत नुसते मोकळे बोर्ड विकण्याचा होता. टेरेल म्हणाले, पन्नास नग घेतो, नगाला पाचशे डॉलर, माल हाती पडताच रोख; पण प्रत्येक बोर्ड पुरा जोडलेला हवा. डाग देत बसायला सगळी गिऱ्हाइकं तयार नाहीत, हे त्यांना रोज दिसत होतं. ॲपलचा पहिला संगणक जोडलेल्या बोर्डाच्या रूपात विकला गेला तो दुकानदाराच्या या अटीमुळे. त्याला पेटी, कीबोर्ड, पॉवर सप्लाय नव्हताच. ते गिऱ्हाइकाने वेगळं आणायचं होतं.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या टँडी कंपनीची गोष्ट याहून मोठ्या प्रमाणावरची. रेडिओ शॅक ही तिची दुकानं देशभर पसरलेली होती, सुमारे साडेतीन हजार. छोट्या गावातसुद्धा बॅटरी, वायर, ट्रान्झिस्टर, अँटेना मिळण्याचं ते हक्काचं ठिकाण होतं. कंपनीतल्या खरेदी विभागाच्या डॉन फ्रेंच यांनी स्वतःसाठी अल्टेअर घेतला होता आणि आपणही असं काही विकावं म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले. यंत्राची आखणी करायला त्यांनी स्टीव्ह लायनिंगर या तरुण अभियंत्याला आणलं. लायनिंगर नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये नोकरी करत आणि फावल्या वेळात टेरेल यांच्या बाइट शॉपमध्ये काम करत. गिऱ्हाइकाला काय अडतं, हे त्यांनी काउंटरमागे उभं राहून पाहिलेलं होतं.

वरिष्ठांना विक्रीची फारशी खात्री नव्हती. पहिला माल साडेतीन हजारांचा, म्हणजे प्रत्येक दुकानाला एक, असा हिशेब धरला गेला; खपला नाही तर दुकानांनी तो स्वतःचा साठा मोजायला वापरावा. ३ ऑगस्ट १९७७ रोजी टीआरएस-८० जाहीर झाला. पडदा आणि कॅसेट रेकॉर्डर धरून किंमत ५९९.९५ डॉलर, त्या वेळच्या विनिमयदराने पाच हजार रुपयांच्या वर. पहिल्या दीड महिन्यातच दहा हजारांहून जास्त नग विकले गेले.

यंत्र म्हणून तो साधा होता. झेड-८० प्रोसेसर, चार किलोबाइट मेमरी, काळा-पांढरा पडदा, इंग्रजी अक्षरं फक्त मोठ्या लिपीतली. कीबोर्डाची कळ एकदा दाबली तर अक्षर कधी दोनदा उमटे. आवाजाची सोय नव्हती. पण यंत्रातून रेडिओ लहरी इतक्या बाहेर पडत की शेजारी एएम रेडिओ ठेवून मुलं खेळांचा आवाज त्यातून ऐकत. अशा लहरींबाबतचे सरकारी नियम कडक झाल्यावर, १९८१च्या सुरुवातीला हे पहिलं मॉडेल बंदच करावं लागलं. त्यावरच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पहिल्या आवृत्तीत चुका दाखवणारे संदेश तीनच होते: 'व्हॉट?', 'हाउ?' आणि 'सॉरी'. तरीही मी या यंत्राला फार वरचं स्थान देतो. त्याच्यासोबत डेव्हिड लीन यांनी लिहिलेली एक पुस्तिका मिळायची. संगणक कधी पाहिलेलाही नाही अशा माणसाचा हात धरून ती त्याला पहिल्या ओळीपासून प्रोग्रॅम लिहायला शिकवते. तांत्रिक लेखन करणाऱ्या प्रत्येकाने ती आजही वाचावी. शिवाय यंत्र बिघडलं तर ते काखोटीला मारून पुन्हा त्याच दुकानात नेता येई. कॅन्ससमधल्या एखाद्या शेतकऱ्याला याचं महत्त्व प्रोसेसरच्या वेगाहून कितीतरी अधिक होतं.

रेडिओ शॅकची अडचणही तिच्या दुकानदारीतच होती. तिथे मुख्यतः टँडीच्या शिक्क्याचाच माल मिळे. इतरांनी टीआरएस-८०साठी लिहिलेले उत्तमोत्तम प्रोग्रॅम आणि जास्तीचे भाग मासिकांतल्या जाहिराती पाहून टपालाने मागवावे लागत, आणि दुकानातला विक्रेता त्याबद्दल काही सांगत नसे. ज्या बाजारात दिवसागणिक नवे प्रोग्रॅम निघत होते, तिथे आपल्याच गिऱ्हाइकाला आपल्याच यंत्राची निम्मी उपयुक्तता कळू न देणं ही टँडीची मोठी चूक होती.

ॲपल टूची वाट नेमकी उलटी. १९७७च्या जूनमध्ये तो आला तेव्हा चार किलोबाइट मेमरीसह किंमत १२९८ डॉलर, आणि त्यात पडदा नाही, कॅसेट रेकॉर्डरही नाही. पण रंगीत चित्रं होती, आणि झाकण उघडलं की आत आठ खाचा. त्यांत कुणीही बनवलेलं कार्ड बसवता येई. अशा यंत्राला समजावून सांगणारा दुकानदार लागतो आणि तो कॉम्प्युटरलँडसारख्या दुकानांत होता. विल्यम मिलर्ड यांनी १९७६मध्ये सुरू केलेल्या या साखळीचं आधीचं नाव कॉम्प्युटर शॅक. रेडिओ शॅकने हरकत घेतल्यावर ते बदललं. इथे गिऱ्हाइकाला खुर्ची मिळे, यंत्र चालवून पाहायला मिळे, धंद्याचा हिशेब मांडून दाखवला जाई. १९७९मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा रकाने-ओळींचा हिशेबी प्रोग्रॅम आला आणि सुरुवातीला तो फक्त ॲपल टूवर चाले. मग दुकानात येणारा हिशेबनीस व्हिसिकॅल्क मागू लागला आणि त्याच्यासाठी दीड-दोन हजारांचं यंत्र घेऊन जाऊ लागला. एक आकडा बदलला की खालची सगळी बेरीज आपोआप बदलते, हे छापील पत्रकातून पटत नाही. ते समोर करून दाखवावं लागतं. समजावून विकणाऱ्या दुकानांचं हे मोल ॲपलने ओळखलं होतं. १९८१च्या अखेरीस कंपनीने आपल्या विक्रेत्यांना टपालाने माल विकण्याची मनाईच केली. आयबीएमनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला पीसी आणला तो कॉम्प्युटरलँड आणि सीअर्सच्या खास व्यापारी केंद्रांतून.

या सगळ्याला धक्का दिला कमोडोरच्या जॅक ट्रॅमिएल यांनी. पोलंडमधल्या लोद्झ शहरात जन्मलेले, आउशविट्झमधून वाचलेले हे गृहस्थ टाइपरायटर दुरुस्तीपासून वर आले होते. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात त्यांना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जेरीस आणलं होतं: चिप तिचीच घ्यायची आणि तिनेच बाजारात कॅल्क्युलेटर आपल्यापेक्षा स्वस्त विकायचा. म्हणून १९७६मध्ये त्यांनी मॉस टेक्नॉलॉजी हा चिपचा कारखानाच विकत घेतला. त्या बळावर कमोडोरने ३०० डॉलरच्या आतला व्हिक-२० काढला आणि केमार्टसारख्या दुकानांत ठेवला. दहा लाखांचा टप्पा गाठणारा तो पहिला संगणक ठरला. ऑगस्ट १९८२मध्ये कमोडोर ६४ आला: ६४ किलोबाइट मेमरी, सोळा रंग, आणि बॉब यान्स यांनी आखलेली तीन आवाजांची ध्वनिचिप. त्या किमतीत असा आवाज दुसऱ्या कोणत्याही यंत्रात नव्हता.

किंमत ५९५ डॉलरपासून सुरू झाली आणि वर्षभरात दोनशेपर्यंत उतरली. १९८३च्या सुरुवातीला कमोडोरने जाहीर केलं की कमोडोर ६४ घेताना कोणताही जुना संगणक किंवा खेळाचं यंत्र आणून द्या, शंभर डॉलर परत घ्या. तेव्हा घड्याळांच्या दुकानांत आणि औषधांच्या दुकानांतही मिळणारा टायमेक्स सिंक्लेअर हा संगणक शंभराहून पुष्कळ स्वस्त झाला होता. लोक तो घेत आणि तसाच कमोडोरला देऊन टाकत. या काळात भरडले गेले ते खास संगणकांचे छोटे दुकानदार. त्यांनी कमोडोर ६४ घेतला, गिऱ्हाइकाला शिकवला, आणि काही महिन्यांत तोच नग त्यांच्या घाऊक खरेदीपेक्षाही कमी भावात मोठ्या दुकानांत लागलेला पाहिला. त्यांनी कमोडोरकडे पाठ फिरवली. कंपनीला पुढे महागडी, व्यावसायिक यंत्रं विकायची होती, तेव्हा ही समजावणारी माणसं तिच्यासोबत उरली नव्हती. माझ्या मते हा तोटा दोनशे डॉलरच्या भावात कुणी धरला नाही.

गिऱ्हाइकाचंही असंच होई. मोठ्या दुकानातला विक्रेता सकाळी बूट विकून दुपारी संगणकाच्या काउंटरवर येई. सुरुवातीच्या काळात सदोष नगांचं प्रमाण बरंच होतं. दुरुस्ती नाही, फक्त बदलून मिळे. घरी गेल्यावर कळे की प्रोग्रॅम साठवायला डिस्क ड्राइव्ह लागतो, त्याला जवळपास यंत्राइतकेच पैसे पुन्हा मोजावे लागतात, आणि तो अतिशय संथ आहे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४एचं उदाहरण खोक्यावरचे आकडे वाचून खरेदी करणाऱ्यांसाठी आजही उपयोगाचं आहे. प्रोसेसर १६ बिटांचा, म्हणजे कमोडोर आणि ॲपलच्या ८ बिटांच्या दुप्पट. प्रत्यक्षात त्या प्रोसेसरला थेट वापरता येणारी मेमरी अवघी २५६ बाइट. बाकीची चित्रं काढणाऱ्या चिपच्या ताब्यात आणि तिच्यामार्फतच मिळणारी. त्यात बेसिकची प्रत्येक आज्ञा दोनदा उलगडावी लागे. यंत्र रेंगाळत चाले. १९८१मध्ये ५२५ डॉलरला असलेला हा संगणक १९८३मध्ये ९९वर आला, आणि २८ ऑक्टोबर १९८३ रोजी कंपनीने हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. कोलेकोच्या ॲडम या संगणकाची तऱ्हा आणखी बिकट: सगळ्या यंत्राचा वीजपुरवठा त्याच्या प्रिंटरमध्ये होता, म्हणजे प्रिंटर बिघडला की सगळं ठप्प, आणि कॅसेट आत ठेवून बटण चालू केलं तर कॅसेटवरचा मजकूर पुसला जाई.

ब्रिटनमध्येही हेच दिसतं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे स्वस्त संगणक आधी टपालाने जात, १९८१मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकं-वर्तमानपत्रांच्या दुकानात झेडएक्स८१ आला आणि शाळा सुटल्यावर मुलांची तिथे गर्दी होऊ लागली. एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोला दुकानापेक्षा मोठा आधार होता: बीबीसीची संगणक साक्षरतेची मोहीम आणि शाळा. मजबूत कीबोर्ड, उत्तम बेसिक, मागे आणि खाली बाहेरची उपकरणं जोडायच्या भरपूर जागा. त्या काळातल्या सगळ्या ८ बिट यंत्रांत शिकण्यासाठी मी त्याचीच निवड करीन.

तो आपल्याकडेही आला. केंद्र सरकारने १९८४मध्ये 'क्लास' नावाची शालेय संगणक साक्षरतेची योजना आखली. सुरुवात अडीचशे शाळांपासून झाली आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावाने काढली. सिंक्लेअर यांच्या स्पेक्ट्रम या संगणकाचीही परवान्याखाली बनलेली आवृत्ती भारतात विकली जात होती. त्या पिढीतल्या ज्या मराठी मुलामुलींनी शाळेत संगणक पाहिला, त्यांतल्या अनेकांनी पहिला प्रोग्रॅम बीबीसी मायक्रोवर लिहिला.

१९८३च्या नाताळात मी अमेरिकेत खरेदीला निघालो असतो तर मुलं असलेल्या घरासाठी कमोडोर ६४ घेतला असता, ड्राइव्हचे पैसे आधीच बाजूला काढून. ज्याला दुकानाचे किंवा दवाखान्याचे हिशेब ठेवायचे, त्याला कितीतरी जास्त पैसे गेले तरी समजावणाऱ्या दुकानदाराकडून ॲपल टूची नवी आवृत्ती टू-ई घ्यायला सांगितलं असतं. आणि जवळच्या शहरात जायला दोन तास लागतात अशा माणसाने रेडिओ शॅकमध्येच जावं, असं म्हटलं असतं.

आता एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर बीबीसी मायक्रो, युनिकॉर्न, स्पेक्ट्रम किंवा कमोडोर सापडला तर तो भंगारात घालू नका. सोबतच्या कॅसेट, पुस्तिका, पावत्या जपून ठेवा. कोणत्या दुकानातून, केवढ्याला घेतला, हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि उत्सुकतेपोटी लगेच प्लग लावू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर वीज मिळाल्यावर बऱ्याचदा फुटून धूर सोडतात. कमोडोर ६४चा जुना ॲडॅप्टर बिघडला की जास्त व्होल्टेज देतो आणि आतल्या मेमरी चिप्स जाळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ओळखीचा कारागीर असेल तर आधी त्याच्याकडून पॉवर सप्लाय तपासून घ्या. कपॅसिटर बदलायचा खर्च किरकोळ असतो.