उद्यानाची जागा आणि रुग्णालयाचे पुण्य

रुग्णालयासाठी दान देणे हे आपल्या समाजात मोठे पुण्यकार्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते रुग्णालय उद्यानासाठी राखलेल्या भूखंडावर उभे राहणार असेल तर? बंगळुरूच्या राजमहल विलास वसाहतीत हाच प्रश्न उद्भवला. आराखड्यातील उद्यानाची जागा १९७६ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या इच्छेवरून एका वैद्यकीय न्यासाला खाजगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. त्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, असा प्रतिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून वाटप रद्द ठरवले. मोकळी हवा व हिरवळ ही पर्यावरणाची आणि आरोग्याचीच गरज आहे. खाजगी रुग्णालय तिची जागा घेऊ शकत नाही, असा या निकालाचा आशय. मला तो न्याय्य वाटतो: दवाखाना अन्यत्र बांधता येतो, गेलेली बाग सहसा परत येत नाही.

महाराष्ट्रात असे आरक्षण बदलण्यापूर्वी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत येते. दुकानात बसून आपण बाजारभाव वाचतो, तेव्हा तिच्यावरही नजर टाकावी. आणि आपल्या न्यासांच्या विश्वस्तांनी भूखंड स्वीकारण्याआधी विकास आराखड्यात त्याचे आरक्षण कशासाठी आहे, हे पाहून घ्यावे.