वृद्धांचे हक्क : माहिती कोठे व कशी मिळवावी

वार्धक्य, आजारपण, बेकारी अशा प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळावे व त्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक शक्तीनुसार तरतूद करावी, असे आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. परंतु वृद्धांसाठी पुढे जे कायदे झाले व ज्या योजना निघाल्या, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. आज उणीव आहे ती मुख्यतः माहितीची. आपल्याला काय मिळू शकते, कोणाकडे मागावे व कसे मागावे, हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक आजी-आजोबा हक्काच्या गोष्टीपासून दूर राहतात. हे अंतर कमी करणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

आपल्या भागात या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर व पांढुर्णा ह्या तहसिली त्या जिल्ह्यातच होत्या. २०२३ साली त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी सीमा अशा बदलल्या, पण घरातली भाषा बदलली नाही. जामसांवलीच्या हनुमंताच्या दर्शनास नागपूरकडून माणसे येतात, आपल्या लेकी तिकडे नांदतात, बातम्याही तिकडूनच कानी पडतात. मात्र आपल्या कचेरीचा कागद हिंदीत असतो. आमची स्वतःची मातृभाषा कोकणी असल्याने, घरी एक भाषा व दप्तरी दुसरी ही स्थिती आम्हांस परिचयाची आहे.

यातून होणारा एक घोटाळा पाहा. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ती मराठी वर्तमानपत्रांत वाचून इकडचे आजोबा आशेने चौकशी करतात. परंतु तिच्यासाठी अर्जदार ६५ वर्षांचा व महाराष्ट्रात निदान १५ वर्षे राहणारा असावा लागतो. सौंसर तहसिलीतील रहिवाशास ती मिळणार नाही. उलट आपल्याच राज्याच्या योजनेची वार्ता हिंदीत असल्यामुळे नजरेतून सुटते. म्हणून पहिला नियम असा की, कोणतीही योजना ऐकली म्हणजे ती केंद्राची, मध्य प्रदेशाची की महाराष्ट्राची, हे प्रथम विचारावे.

दुसरी अडचण शब्दांची. महाराष्ट्रात ज्यास तलाठी म्हणतात तो येथे पटवारी. तिकडचा सातबारा, तर इकडचा खसरा व खतौनी. फेरफाराला येथे नामांतरण म्हणतात, मृत्युपत्राला वसीयतनामा, बक्षीसपत्राला दानपत्र. योजनेचा लाभार्थी हा येथे ‘हितग्राही’ होतो, आणि निर्वाहखर्चाच्या जागी ‘भरण-पोषण’ हा शब्द येतो. तिकडचे प्रांतसाहेब म्हणजे येथील अनुविभागीय अधिकारी. हे दहा-बारा शब्द वहीत लिहून ठेवले तर निम्मा कागद आपोआप उलगडतो.

तक्रार मात्र मराठीतही देता येते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार, आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही नागरिकास केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याखाली अर्ज करावयाचा झाल्यास तो हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत लिहावा लागतो. सामान्यतः त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून शुल्क घेतले जात नाही. आजोबांचा अर्ज कोठे अडला आहे, हे विचारण्यास हा मार्ग उत्तम आहे.

आता प्रत्यक्ष लाभांकडे वळू. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आज इंदिरा गांधींच्या नावाने ओळखले जाते. ते दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये व ८० पासून ५०० रुपये असून राज्य त्यात आपली भर घालते. गावात अर्ज ग्रामपंचायतीमार्फत होतो व त्यास समग्र क्रमांक लागतो. कुटुंबाचा क्रमांक आठ आकडी व व्यक्तीचा नऊ आकडी असतो. समग्रमधील जन्मतारीख व आधारपत्रावरील जन्मतारीख जुळते की नाही, हे अर्जापूर्वीच पाहावे. साध्या दिसणाऱ्या या फरकावर पुष्कळ अर्ज अडून राहतात.

वेळेत काम करून देण्याची हमी देणारा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला. त्यात नेमून दिलेल्या सेवांसाठी लोकसेवा केंद्रात अर्ज दिल्यावर पावती मिळते व काम केव्हापर्यंत व्हावे याची मुदत ठरते. विनाकारण विलंब झाल्यास अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्यास दररोज २५० रुपयांप्रमाणे, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुदैवाने पावती हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. तो कागद कधीही टाकू नये.

औषधोपचारासाठी ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळू शकतात. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्या पत्रिकेस ‘वय वंदना’ असे नाव आहे.

कराची धास्ती बहुतेक घरी विनाकारण असते. संत्र्याच्या बागेचे किंवा कपाशीचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न असल्याने त्यावर केंद्राचा आयकर नाही. प्रश्न येतो तो बँकेतील ठेवींच्या व्याजाचा. ६० वर्षांवरील ठेवीदाराचे एका बँकेतील वर्षाचे व्याज १ लाख रुपयांपर्यंत असेल तर बँक कर कापत नाही; ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. व्याज त्याहून अधिक असले, पण एकूण उत्पन्नावर करच बसत नसला, तर तसे घोषणापत्र बँकेत द्यावे. १९६१ च्या कायद्याखाली त्यास १५-एच म्हणत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात. तेव्हा क्रमांक पाठ करण्यापेक्षा कागदाचे प्रयोजन लक्षात ठेवणे शहाणपणाचे होय.

सर्वांत महत्त्वाचा भाग कायद्याच्या संरक्षणाचा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी व कल्याणासाठी २००७ साली संसदेने कायदा केला. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून ज्यांचा निर्वाह होत नाही, त्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अनुविभागीय अधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी या न्यायाधिकरणाचे काम पाहतो. वकील लावण्याची गरज नाही. स्वतः जाणे अशक्य असल्यास दुसऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस अधिकार देऊन अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा, आणि रक्कम दरमहा १०,००० रुपयांच्या आत असावी, असे कायदा म्हणतो. विद्यार्थिमित्रहो, या कायद्यातील ‘मुले’ या शब्दात सज्ञान नातू व नातही येतात, हे विसरू नका.

याच कायद्याचे २३ वे कलम प्रत्येक घराने समजून घ्यावे. वृद्ध व्यक्तीने आपला सांभाळ व्हावा या अटीवर घर किंवा शेत लिहून दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. आपल्याच राज्यातील छतरपूरच्या एका मातेने २०१९ साली मुलाच्या नावे दानपत्र केले. सांभाळ न केल्यास मालमत्ता परत घेण्यास आई मोकळी राहील, असे वचनपत्रही झाले होते. प्रकरण खालच्या न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मातेच्या विरुद्ध निर्णय दिला होता. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दानपत्र रद्द ठरविले व ताबा तिला परत देण्यास सांगितले. त्याच न्यायालयाने २०२२ साली दुसऱ्या एका प्रकरणात, सांभाळाची अटच सिद्ध न झाल्याने हे कलम लागू होत नाही, असे म्हटले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे बोध स्पष्ट होतो. लिहून द्यावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्या लेखातच स्पष्ट शब्दांत घालावी. मायेच्या माणसाकडून अट कशी लिहून घ्यावी, असा संकोच वडीलधाऱ्यांस वाटतो. परंतु ज्याच्या मनात खोट नाही त्यास अटीचे भय नसते. आणि मृत्युपत्र केले तर मरेपर्यंत मालमत्ता आपल्याच हाती राहते.

चौकशीसाठी काही दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, विनामूल्य कायदेशीर साहाय्यासाठी १५१००, राज्य सरकारकडील तक्रारीसाठी १८१ आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३०. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना कायदेशीर साहाय्य उत्पन्नाची अट न पाहता विनामूल्य मिळते. माहितीच्या नावाखाली कोणी फोनवरून गुप्त संकेतांक मागितला तर तो देऊ नये, आणि कोऱ्या कागदावर आजीचा अंगठा कोणासही घेऊ देऊ नये.

येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक काम करावे. घरातील आजी-आजोबांची जन्मतारीख, समग्र क्रमांक व बँकेचे नाव एका वहीत नोंदवावे, त्यांचे सरकारी कागद त्यांच्यासमोर वाचून मराठीत अर्थ सांगावा, आणि कोणता अर्ज कोणत्या तारखेस दिला ते त्याखाली लिहावे. वही आजी-आजोबांच्याच हाती राहू द्यावी. निर्णय त्यांचा, वाचणारे डोळे आपले, एवढे पथ्य पाळले तर शाळेत शिकलेल्या दोन्ही भाषा घराच्या उपयोगी पडतील.