विशेषणं खोडलेली वही

माझ्या पहिल्या सराव पाठाचा विषय होता ‘फळे’. आदल्या रात्री बारापर्यंत जागून तक्ता रंगवला होता, सीताफळाचे डोळे एकेक करून काढले होते. टाचणवहीत उद्दिष्टं, साधनं, प्रस्तावना, मूल्यमापन असे रकाने आखलेले. समोर चार-साडेचार वर्षांची २८ मुलं आणि मागे भिंतीला टेकून आमच्या प्रशिक्षण वर्गाच्या बाई. मी सीताफळावर बोट ठेवलं आणि खाली रस्त्यावर घंटागाडीचं गाणं सुरू झालं. २८च्या २८ मुलं खिडकीशी. मी हाका मारत राहिले, मग टाळ्या वाजवल्या, शेवटी चक्क ओरडले. पाठ संपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “आज तुमचा पाठ घंटागाडीनं घेतला.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गाडी आली. त्या वर्गाच्या ताईंनी हातातली पुठ्ठ्याची चित्रं खाली ठेवली आणि स्वतःच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गाडीला चाकं किती, ओला कचरा कुठल्या बाजूला पडतो, काकांनी हातमोजे का घातलेत, गाडी वळल्यावर गाणं बारीक का होतं... पंधरा मिनिटं वर्ग चालू होता आणि ताईंच्या तोंडी आठ-दहाच वाक्यं आली असतील. मी मोजत होते.

मी अडतिसाव्या वर्षी बालवाडी शिक्षिकेचा हा अभ्यासक्रम धरला. त्याआधी बारा वर्षं एका कार्यालयात हिशेब लिहीत होते. लहान मुलांना शिकवणं म्हणजे गाणी, गोष्टी आणि गोड आवाज, असा माझा समज होता. तो मोडला तो निरीक्षण वहीनं. प्रत्येकीनं रोज एका मुलाकडे दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि पानभर लिहायचं. माझ्या पहिल्या पानावर होतं: ‘मुलगा हुशार पण हट्टी आहे. वर्गात लक्ष नसते.’ बाईंनी लाल पेनानं ‘हुशार’ खोडलं, ‘हट्टी’ खोडलं, ‘वर्गात लक्ष नसते’वर फुली मारली. खाली लिहिलं: ‘विशेषणं नकोत. तुम्ही काय पाहिलंत?’ पानावर उरलं होतं ‘मुलगा पण आहे’. पहिले पंधरा दिवस माझी वही अशीच रिकामी होऊन परत यायची.

तिसऱ्या आठवड्यात मी एका मुलीबद्दल ‘बोलत नाही’ असं लिहिलं. यात विशेषण नाही म्हणून मी खूश होते. ती बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबातली. सकाळी येऊन दाराशी बसायची आणि मधूनमधून कोपऱ्यातल्या माठाकडे बघून काहीतरी पुटपुटायची. ते एके दिवशी आमच्या मदतनीस मावशींच्या कानावर पडलं. मावशी अक्कलकोटकडच्या. त्यांनी पटकन भांडं भरून तिच्या हातात दिलं. “अहो, नीरु म्हणतेय ती. कानडीत पाणी.” तीन आठवडे ती पाणी मागत होती आणि मी ‘बोलत नाही’ लिहीत होते. नव्या भाषेत आलेलं मूल बोलायच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने, नुसतं ऐकत राहतं, हे वाचून मला पाठ होतं. पण ही तर बोलतही होती. त्या दिवसापासून मावशी सकाळी पाच मिनिटं तिच्याशी कानडीत बोलू लागल्या आणि बाकीच्या मुलांना ‘नीरु’ हा शब्द इतका आवडला की आठवडाभर सगळा वर्ग नीरु पीत होता.

आकडे आपल्याला येतात, तेव्हा शिकवणं सोपंच, असंही मला वाटायचं. चिंचोके घेऊन बसले. एका मुलानं बोट ठेवत बिनचूक मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. “मग किती झाले?” त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा एक-दोन-तीन. शेवटी उच्चारलेला आकडा हा साऱ्या ढिगाचा असतो, ही गोष्ट मोजता येण्याहून वेगळी आहे आणि ती नंतर उमगते. ज्याला ते उमगलं होतं अशा दुसऱ्या मुलासमोर मी पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. सारख्या आहेत म्हणाला. मग एक ओळ लांबवली, चिंचोके तेवढेच. “आता हे जास्त झाले.” स्विस मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी हा प्रयोग केव्हाच करून ठेवला आहे. तरी समोर घडताना अंगावर काटा येतो. त्या मुलाच्या डोक्यात चूक नव्हती, वेगळा नियम होता. ‘शंभरपर्यंत येतात’ म्हणून कौतुकानं सांगणाऱ्या पालकांना मी हल्ली चिंचोके काढून दाखवते.

पालकांचा दुसरा आग्रह लिहिण्याचा. “अजून पाटीवर काहीच नाही?” हा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू होतो. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकामागून एक हाडाची होत जातात. पाचव्या वर्षी सगळी तयार झालेली नसतात. शेवटचं हाड तयार व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षं लागतात. माती मळणं, शेंगा सोलणं, ओला फडका पिळणं, मणी ओवणं ही त्या हाताची तयारी. आमच्या वर्गात मटार सोलायला बसलेली मुलं बघून एक आजोबा म्हणाले होते, “फी भरून घरकाम शिकवताय का?” उत्तर मला त्या वेळी सुचलं नाही. मटार मात्र संपले.

हे काही परदेशातून परवा आलेलं शहाणपण नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी मुलांच्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं ते १८४० साली. माँटेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे वर्षानुवर्षं इथेच राहिल्या. पण त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी कामाला सुरुवात केली होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंची खरी परीक्षा पुढे झाली. १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या बोर्डी गावी बालशिक्षणाच्या कामासाठी गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या. दट्ट्यापेट्या, गुलाबी मनोरा ही माँटेसोरी साधनं गरिबांच्या बालवाडीला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. वस्तीतली मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. आज ज्या शब्दानं देशभर सरकारी योजना ओळखली जाते, तो ‘अंगणवाडी’ हा शब्द असा आला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची, म्हणून शाळा गुरांमागे कुरणात नेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. माझ्या घंटागाडीच्या पाठानंतर हे वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली २ ऑक्टोबर १९७५ला. त्यात आहार, लसीकरण, वजनं, नोंदी आणि शिक्षण हे सारं अंगणवाडीतल्या एकाच बाईच्या पदरात पडलं. तिला ‘सेविका’ म्हणतात, शिक्षिका नव्हे. तिला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकतं एवढं तो म्हणतो, पण हक्क देत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला, हे चांगलंच झालं. पण पाया म्हणायचं आणि पाया घालणारीला मानधनावर ठेवायचं, हे मला पटत नाही.

वर्गातली खरी शिकवणी मला डब्याच्या सुट्टीत मिळाली. टाचणात तिला रकाना नव्हता. एक मुलगा रोज डबा माझ्यापुढे धरायचा आणि मी उघडून द्यायचे. कार्यालयात फाइल आली की सही करावी तसं. बाईंनी सांगितलं, उद्या हात मागे बांधा. त्यानं झाकण ओढलं, दातांनी धरलं, गुडघ्यात दाबलं. मी मनात आकडे मोजत होते. माझे हात शिवशिवत होते. शेजारच्या मुलीनं न बोलता डबा तिरका धरला, यानं ओढलं, झाकण उडालं आणि अर्धी शेवयांची खीर सतरंजीवर. दोघं हसली. फडकं त्यानंच आणलं. त्या दिवशी वही परत आली तेव्हा पानावर एकही लाल रेघ नव्हती. मी लिहिलं होतं ते एवढंच: कोणी काय धरलं, कुठून ओढलं, खीर कुठे सांडली, फडकं कोणी आणलं.

वर्षाच्या शेवटी ‘फळे’ हा पाठ मी पुन्हा घेतला. तक्ता नेला नाही. मंडईतून दोन पिकलेली सीताफळं नेली. बिया मोजण्यातच वेळ संपला, मूल्यमापनाचा रकाना कोरा राहिला.

येत्या जूनसाठी कुणी नातवाला, भाचीला बालवाडीत घालायला निघाला असाल, तर एक करा. माहितीपत्रक नंतर वाचा. आधी विचारून घेऊन एक सकाळ मागच्या भिंतीला टेकून बसा. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत की कुलपात, ते पाहा. ताई प्रश्न विचारून किती वेळ थांबतात, ते मोजा. आणि डब्याची सुट्टी झाल्याशिवाय उठू नका.