लहान देशाची जुनी वही

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पेशवाईतले मराठी कागद वाचले गेले होते, हे सांगितले तर बहुतेकांना ती थाप वाटते. पण ते खरे आहे. 1779 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांशी पुण्याला तह केला आणि दमणच्या बाजूची, वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून दिली. त्यासाठी 1783 आणि 1785 मध्ये सनदा निघाल्या. ही गावे म्हणजेच दादरा आणि नगर हवेली. पालघर वेगळा होण्यापूर्वीचा आमचा जुना ठाणे जिल्हा उत्तरेला जिथे संपत असे, तिथून ती हाकेच्या अंतरावर. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली. गायक-संगीतकार म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले सुधीर फडके त्या मोहिमेत होते, हे वाचकांना ठाऊक असेलच.

पोर्तुगालने पुढे काय केले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. 14 डिसेंबर 1955 रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि 22 डिसेंबरला, म्हणजे अवघ्या आठ दिवसांत, त्याने भारताविरुद्ध हेगला दावा दाखल केला. दमणहून आमच्या या गावांत जाण्याचा आमचा हक्क भारताने अडवला, अशी तक्रार. मग निघाला तह, निघाल्या सनदा. पोर्तुगीज म्हणत, सार्वभौमत्व दिले. भारत म्हणे, नुसता सरंजाम दिला. भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते आपले महंमद करीम छागला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क होता, राज्य नव्हे, असे न्यायालयाने मानले. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात चालू दिली, म्हणून नागरी जा-ये करण्याचा हक्क पोर्तुगालकडे होता, फौज नेण्याचा नव्हता. आणि भारताने वागण्यात काही चूक केली नाही, असा तो एकूण निवाडा.

माझे आयुष्य बँकेत गेले. भाडे वसूल करण्याचे मुखत्यारपत्र आणि घराची मालकी यांतला फरक गिऱ्हाइकाला समजावून देताना माझा घसा अनेकदा कोरडा पडला आहे. हेगच्या पंधरा-सतरा न्यायमूर्तींनाही शेवटी तोच फरक करावा लागला, हे वाचून मला उगाचच बरे वाटले होते.

पण मुद्दा वेगळा आहे. पोर्तुगालची लोकसंख्या आज साधारण एक कोटी. आपल्या महाराष्ट्रात असे दहाहून अधिक पोर्तुगाल मावतील. असा देश मोठ्या शेजाऱ्याशी बळाने भांडू शकत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात. एक, जगाच्या चावडीवर मांडायचा कागद. दुसरी, आपली माणसे कोण हे लिहून ठेवलेली वही. पोर्तुगालने या दोन्ही गोष्टी किती वेगवेगळ्या हेतूंनी वापरल्या, हे पाहण्यासारखे आहे.

सालाझारच्या काळात हेतू उघड होता. वसाहती या वसाहती नाहीतच, सागरापलीकडचे आमचे प्रांत आहेत, असा त्याचा घोषा. 15 डिसेंबर 1960 रोजी आमसभेने 1542 क्रमांकाचा ठराव करून सांगितले की हे प्रदेश स्वयंशासित नाहीत आणि त्यांच्याविषयी माहिती देणे पोर्तुगालवर बंधनकारक आहे. त्या यादीत अंगोला होता, मोझांबिक होता, गोवा होता आणि अगदी शेवटी तिमोर. सालाझारने ठराव धुडकावला. वर्षभराने, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला. सुरक्षा समितीत पाश्चिमात्यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला, त्याला सात मते पडली, आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला.

गोव्याच्या तुरुंगांत तोवर काय चालले होते ते जुन्या पिढीला ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहात गोळ्या झेलून वीसहून अधिक माणसे मेली. नानासाहेब गोरे, मधु लिमये यांनी तिथे शिक्षा भोगल्या. आणि मोहन रानडे! सांगलीकडचा हा शिक्षक 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्याला पुढे थेट पोर्तुगालात नेऊन कोंडले. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, निवडणुका झाल्या, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात सात वर्षे तसेच. भारताचे पोर्तुगालशी राजनैतिक संबंध 1955 पासून तुटलेले. आपला वकील तिथे नाही, त्यांचा इथे नाही. दिल्लीत त्यांचे काम ब्राझीलचा दूतावास पाही. ज्याला भेटायला आपला कॉन्सल जाऊ शकत नाही त्या कैद्याचे काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण नाही. फडक्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई 1968 मध्ये व्हॅटिकनला गेले, तेव्हा त्यांनी पोपपुढे या मराठी कैद्याचा विषय काढला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई पुढच्याच महिन्यात वारले; त्यांचे आभार मानायला आलेल्या रानड्यांना त्यांच्या समाधीपुढेच उभे राहावे लागले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. केंद्र सरकारने 28 मार्च 1962 च्या आदेशाने गोवेकरांना भारतीय नागरिक केले. ज्यांना नको असेल त्यांनी महिनाभरात तसे लिहून द्यावे, अशी सोय ठेवली. मोंतेरो नावाच्या एका गोमंतकीय धर्मगुरूने तसे लिहून दिले, पोर्तुगीज राहिले आणि परवाना संपल्यावरही आपल्याच गावातून जायला नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जिनीव्हा करारांचा आधार घेतला गेला, पण 1969 च्या मार्चमध्ये त्यांची शिक्षा कायम झाली. ज्या वर्षी रानडे सुटले त्याच वर्षी. माझे मत विचाराल तर कायद्याने तो निकाल बरोबर होता. पण जन्मगावात परका ठरलेल्या त्या माणसाबद्दल आपल्याकडे कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, हेही खरे.

25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, 31 डिसेंबरला, दिल्लीत पोर्तुगालचे मारियो सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करार केला. गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली येथील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. यशवंतरावांना परराष्ट्र खात्यात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

इथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटले. पण 1542 च्या यादीतले शेवटचे नाव उरले होते. 7 डिसेंबर 1975 रोजी इंडोनेशियाने पूर्व तिमोरमध्ये फौजा घातल्या. आणि जो ठराव पोर्तुगालने पंधरा वर्षांपूर्वी टोपलीत टाकला होता, तोच त्याने बाहेर काढला: तिमोर स्वयंशासित नाही, त्याची जबाबदारी अजून आमच्यावर आहे, तिथल्या लोकांना स्वयंनिर्णय मिळालेला नाही. कोण बोलत होते? ज्यांनी गोव्यात ‘जय हिंद’ म्हणणाऱ्यांना कोठडीत घातले त्यांचाच देश. याला ढोंग म्हणता येईल, पश्चात्तापही म्हणता येईल. मी म्हणेन, सरकार बदलले होते, दप्तर तेच होते. आपणही फार ताठ मानेने बोलावे असे नाही. त्या डिसेंबरात आमसभेत इंडोनेशियाने माघार घ्यावी असा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता.

पुढची चोवीस वर्षे पोर्तुगालने चिकाटी सोडली नाही. 1986 मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर त्याला वजन आले. आसियान देशांशी युरोपचा नवा करार त्याने तिमोरच्या प्रश्नावर अडवून धरला. ऑस्ट्रेलियाने तिमोरच्या समुद्रातल्या तेलासाठी इंडोनेशियाशी 1989 मध्ये करार केला, तेव्हा पोर्तुगाल पुन्हा हेगला गेले. 1995 मध्ये तिथे हरले. इंडोनेशिया पक्षकार नसल्याने निर्णय देता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. पण तिमोरी लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगाने पाळायचा आहे, हेही त्याच निकालात लिहिले गेले. आणि वही? तिमोरमध्ये जन्मलेला माणूस आमच्या लेखी पोर्तुगीज, ही भूमिका पोर्तुगालने सोडली नाही. 1994 च्या नोव्हेंबरात 29 तिमोरी तरुण जकार्तातल्या अमेरिकन दूतावासाचे कुंपण चढून आत गेले. त्यांना अखेर कुठे पाठवले? लिस्बनला. 30 ऑगस्ट 1999 ला सार्वमत झाले, 78 टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, आणि 20 मे 2002 ला तो देश स्वतंत्र झाला.

आता तीच वही आपल्या दारात कशी आली ते सांगतो. वसाहती गेल्यावर 1975 मध्ये पोर्तुगालने नवस्वतंत्र देशांतल्या बहुतेकांचे पोर्तुगीजत्व कायद्याने संपवले. गोवा स्वतंत्र देश झाला नव्हता, भारतात आला होता. त्यामुळे गोवेकर त्या कात्रीतून सुटले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेला माणूस त्यांच्या लेखी पोर्तुगीज, त्याची मुले आणि ठरावीक अटींवर नातवंडेही. पणजीच्या आल्तिन्यावर त्यांची वकिलात आहे. जुन्या नोंदणी-दप्तरातून जन्माचा दाखला काढायचा, तो लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत चढवायचा, मग ओळखपत्र, मग पारपत्र. आणि त्या पारपत्रावर सारा युरोपीय संघ खुला. ब्रिटन संघातून बाहेर पडेपर्यंत इंग्लंडही खुले होते; स्विंडनसारख्या गावात गोवेकरांच्या वसाहतीच झाल्या. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियु कोश्ता यांचे वडील मडगावच्या घराण्यातले लेखक, सालाझारच्या पोलिसांनी त्यांना तुरुंगातही टाकले होते; मुलाला 2017 मध्ये बंगळुरात भारताने परदेशस्थ भारतीयाचे कार्ड दिले. त्यांच्यासारख्याला ते शोभते. साध्या माणसाचे गणित निराळे असते.

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एक कुटुंब मूळचे पेडण्याचे. अण्णा 1944 चे; विशीत ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात निवृत्त झाले. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी फाइल घेऊन माझ्याकडे आला. “काका, तुम्ही बँकेतले, कागद तपासायची सवय आहे. जरा बघा.” नात बारावीला, तिला आयर्लंडला शिकायला जायचे आहे. युरोपीय नागरिक असेल तर पुढे नोकरीला परवाना लागत नाही.

कागद पाहताना मजा वाटली आणि धडकीही भरली. अण्णांच्या वडिलांचे ‘शंकर’ हे नाव पोर्तुगीज दाखल्यात ‘एक्स’ने सुरू होते, ‘नाईक’च्या शेवटी ‘क्यूयूई’ लागले आहे. शाळेच्या दाखल्यात, कारखान्याच्या भविष्य निर्वाह निधीत, मतदार यादीत तीन वेगळी स्पेलिंगे. हा एकच माणूस आहे हे सिद्ध करण्यातच मध्यस्थ पैसे उकळतात. त्यापुढे आपला कायदा: परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीयत्व गेले. नुसती जन्मनोंद चढवणे म्हणजे नागरिकत्व घेणे का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झाले, एका आमदारालाही त्यात अडकावे लागले. मुलाला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन भारतीय पारपत्र परत करावे लागेल. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळाले तर राहता येईल, पण मत देता येणार नाही, पेडण्याची शेतजमीन नव्याने घेता येणार नाही. उद्या परदेशात अडचण आली तर दार ठोठवायचे ते पोर्तुगीज वकिलातीचे. मी हे सारे एका कागदावर लिहून दिले. मुलाने घडी करून खिशात ठेवले. त्याने मनाशी ठरवलेलेच होते.

अडले ते अण्णांपाशी. साखळीतली पहिली कडी तेच. अर्जावर त्यांची सही हवी. अण्णा सतरा वर्षांचे असताना भारतीय सैन्याच्या गाड्यांमागे धावलेले. थोरल्या भावाला पोलिसांनी नेऊन मारल्याचे घरात आजही सांगतात. एका संध्याकाळी ते स्वतः आले. पाणी प्यायले, फाइल मांडीवर ठेवली.

“मला एकच सांगा. सही केली तर त्याचा अर्थ मी तेव्हापासून त्यांचाच होतो, असा होतो ना?”

मी म्हटले, “त्यांच्या वहीत तसाच होतो. आपल्या वहीत 1962 पासून तुम्ही भारतीय आहात.”

“आणि दोन्ही वह्या खऱ्या?”

“आपापल्या कचेरीत खऱ्या.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग नातीच्या गुणांविषयी बोलले, तिला गणितात किती पडले ते. उठताना फाइल माझ्याकडेच ठेवून गेले. नातीची परीक्षा होऊ दे, मग बघू, म्हणाले. परीक्षा झाली आहे. लिस्बनमध्ये अलीकडे नागरिकत्वाचे नियम कडक करण्याचे वारे आहेत, म्हणून मुलगा घाईत आहे. फाइल अजून माझ्या कपाटात आहे, आणि आठवड्यातून एकदा अण्णा काही ना काही निमित्ताने येऊन ती जागेवर असल्याचे बघून जातात.