तुटीला कायदा, आमच्या वाट्याला परिपत्रक

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर 'भिवपुरी रोड' नावाचे स्टेशन आहे. भिवपुरी गाव मात्र तिथे नाही. ते लांब, घाटाच्या पायथ्याशी, टाटांच्या वीजघराजवळ आहे. नवखा माणूस पाटी वाचून उतरतो आणि फसतो. राज्याच्या अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या नावाची पाटी वाचून हुरळून जाणाऱ्या आमच्या समाजाची गत याहून वेगळी नाही.

मध्यंतरी भिवपुरीत पालकांची एक बैठक झाली. एक मुलगी नवी मुंबईत शिकते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून तिने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार' योजनेचा अर्ज भरला. 2016-17 पासूनची ही योजना, मोठ्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला 60 हजार रुपये देणारी. अर्ज मंजूर झाला, पैसे आले नाहीत. कार्यालयात उत्तर मिळाले, "निधी नाही." तिने आम्हाला विचारले, "वकीलकाका, सरकारकडे खरंच पैसे नाहीत का?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर तूट म्हणजे काय, हे समजून घ्यावे लागते. आमचे बरेच कार्यकर्ते हा विषय निघाला की उठून जातात. हे अर्थतज्ज्ञांचे काम, आपले नाही, असे त्यांना वाटते. ज्यांच्या नेत्याने 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर आणि 1925 साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांनी असे म्हणावे याचे आम्हाला नवल वाटते. सरकारने किती कर्ज काढावे याला कायद्याची मर्यादा हवी, हा विचार घटनेतच आहे. आजच्या कलम 292 वर ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकारावर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. दरवर्षी कर्जाचा वेगळा कायदा करण्याची शक्यताही त्यांनी बोलून दाखवली. तेव्हा उधळपट्टीचे समर्थन आम्ही करणार नाही. कर्जाचे व्याज शेवटी मीठमिरची विकत घेणारा गरीबच भरतो.

संसदेने तसा कायदा करायला 2003 साल उजाडले. वित्तीय उत्तरदायित्वाचा तो कायदा. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना सांगितले की असा कायदा करा, तरच कर्जात सवलत मिळेल. महाराष्ट्राने 2005 चा कायदा केला. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत राजकोषीय तूट ठेवायची, हे सूत्र तेव्हापासून सरकारे जपमाळेसारखे ओढतात.

आता यातील मेख पाहा. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. कात्री लागते ती योजनांना. त्यातही खर्चाचे दोन वर्ग, भांडवली आणि महसुली. वसतिगृहाची भिंत बांधली तर भांडवली खर्च, म्हणजे चांगला. त्या वसतिगृहातील मुलीची शिष्यवृत्ती महसुली, म्हणजे कमी करण्याजोगा. भिवपुरीचे वीजघर 1922 साली सुरू झाले. शंभर वर्षे उलटली तरी त्यात गुंतवलेले भांडवल फळ देत आहे, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. वाडीवरची एक मुलगी पदवीधर झाली तर तिचे घर किती पिढ्या फळ खाते, याचा हिशेब ठेवणारा रकाना मात्र कोणत्याही अर्थसंकल्पात नाही.

कात्री किती सहज चालते पाहा. 4 मे 2020 रोजी, कोरोनाच्या काळात, वित्त विभागाने शासन निर्णय काढला की त्या वर्षीच्या तरतुदींपैकी 33 टक्केच निधी मिळेल. आरोग्यासारखी काही खाती वगळली. संकट खरे होते, आम्ही ते नाकारत नाही. पण विधिमंडळाने मंजूर केलेल्या तरतुदींचा दोन तृतीयांश भाग एका कागदाने थांबतो, हे लक्षात ठेवा. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, केंद्राने कंपन्यांवरील कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा अंदाज खुद्द सरकारचा. तेव्हा तुटीची चिंता कुठे गेली होती?

आता महाराष्ट्र. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट सुमारे 1 लाख 36 हजार कोटी आणि कर्ज 9 लाख 32 हजार कोटी दाखवले होते. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख वापरले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बेरीज 746 कोटी, म्हणजे एकूण तुटीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. यातून तूट एक रुपयानेही कमी झाली नाही. एका गरिबाच्या ताटातले दुसऱ्या गरिबाच्या ताटात गेले, एवढेच. आमच्या वाड्यांवरील आयाबहिणीही ते पंधराशे घेतात, आणि त्यांनी जरूर घ्यावेत. भांडण त्यांच्याशी नाही.

सरकारचे म्हणणे असे की तरतूद अर्थसंकल्पातच त्या खात्यांकडे होती, लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेत, नियमबाह्य काही घडले नाही. वकील म्हणून आम्हाला कबूल केले पाहिजे की सरकार बरोबर बोलत होते. कायदा मोडला नाही, कारण मोडायला कायदाच नव्हता! आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेतली आणि अनुसूचित जातींची विशेष घटक योजना 1979-80 ची. दोन्ही मार्गदर्शक सूचनांवर आणि परिपत्रकांवर उभ्या राहिल्या. परिपत्रकाविरुद्ध न्यायालयात उभे राहून पाहिलेल्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी याचा हेतू मागे राहिलेल्या समाजाचे अंतर भरून काढणे हा होता. सर्वांना मिळणारा लाभ आम्हाला नागरिक म्हणून मिळतोच. तो या निधीतून द्यायचा तर उद्या मुंबई-पुणे रस्त्यावरून आमची माणसे जातात म्हणून त्याचाही खर्च इथेच टाकतील. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर 2010 आठवा. दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांसाठी घटक योजनेचे शेकडो कोटी वळवले गेले आणि तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांना ते राज्यसभेत मान्य करावे लागले.

म्हणून कायदा हवा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 साली केला, तेलंगणाने 2017 मध्ये, राजस्थानने 2022 मध्ये. पण नुसता कायदा करून भागत नाही. कर्नाटकाच्या कायद्यात कलम 7-ड ची पळवाट होती. ती 2023 मध्ये काढली, तरीही गॅरंटी योजनांसाठी या निधीतून हजारो कोटी वापरल्याचा आरोप तेथील सरकारवर झालाच. महाराष्ट्राच्या कायद्यात सर्वसाधारण योजनेचा खर्च इथे दाखवण्यास स्पष्ट बंदी हवी, अखर्चित रक्कम पुढील वर्षी त्याच खात्यात जायला हवी आणि निधी रोखणारा अधिकारी नावानिशी जबाबदार धरला पाहिजे. तिसरी गोष्ट कोणत्याही पक्षाला आवडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

हे सारे त्या मुलीला आम्ही जमेल तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तिथेच बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. प्रश्न तीनच: यंदा जिल्ह्याला स्वाधारसाठी तरतूद किती, प्रत्यक्ष किती निधी आला, आणि उरलेला कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने थांबला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट आम्ही देऊ केले, ते तिने घेतले नाही. स्वतःच्या पैशाने आणून लावले.